केळे नाकारणारी मुलगी

आज सकाळी पळून झाल्यावर मैदानाच्या कडेला बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीपुढे मी केळे धरले, तेव्हा ती सहज म्हणाली, "नको ताई, वजन उतरले की वेळ सुधारते. पाळीही थांबली आहे, ते बरेच झाले. सरावात खंड पडत नाही."

तिच्या स्वरातली ती सुटका दिवसभर मनातून जात नाही.

लांब पल्ल्याच्या धावपटूची पाळी थांबणे, हे अनेकदा पळण्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने शरीराला अन्न पुरत नसल्याचे लक्षण असते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जा-कमतरतेकडे सर्वांचे लक्ष वेधले: इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, हाडे कमकुवत होतात, पायांच्या हाडांना बारीक तडे जातात. मुलांनाही हे होते, फक्त तिथे अशी उघड खूण नसते.

तासाभराहून अधिक पळताना दर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात, आणि तेवढी दोन मध्यम केळ्यांत मिळतात. घरी परतल्यावर पोटभर वरण-भात, भाकरी आणि उसळ खाणे हा तर सरावाचाच भाग आहे.

डॉक्टरांकडे जाण्यास ती तयार झाली, याचे समाधान आहे.

धावण्याची वेळ आणि वजन आपण मुलींना नेहमी विचारतो. पाळीविषयी त्यांना विश्वासाने कोण विचारते?