दमवेलीचा अर्क आणि घाबरलेले उंदीर

आजीच्या परसात विहिरीच्या कठड्यावर दमवेल चढलेली आहे. दम्याचं कुणी आलं की आजी पान द्यायची. सकाळी अनशापोटी एक पान चावून खायचं, असं सहा दिवस. कुणाला उलटी व्हायची, कुणाचं तोंड सोलवटायचं, कुणाची मिठाची चवच जायची. एम.फार्मला विषय शोधताना कळलं, की १९६९ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉक्टरांनी अगदी हेच, रोज एक पान सहा दिवस, रुग्णांना देऊन पाहिलं होतं. तक्रारीही याच नोंदवल्या होत्या. पुढे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या कामात दिसलं, की या वेलीतली अल्कलॉइड्स, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी तीव्र परिणामाची रसायनं, प्रतिकारशक्ती दाबतात. मात्रा अगदी कमी असली तर मात्र प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी उलट जोमाने वाढतात. प्रत्येक डबीवर ‘इम्युनिटी वाढवते’ असं वाचत मोठी झालेली मी. झाडपाला ती दाबूही शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

एथिक्स कमिटीची परवानगी मिळाली आणि उंदरांना दमवेलीचा अर्क देऊन त्यांची प्रतिकारशक्ती दबते का, हे बघायचं काम सुरू झालं. खाटकाकडून मेंढीचं रक्त आणायचं, सलाइनने तीनदा धुवून लाल पेशी वेगळ्या करायच्या आणि त्या उंदराच्या पोटात टोचायच्या. सातव्या दिवशी त्याच पेशी उजव्या मागच्या तळव्यात. शरीराने त्या ओळखल्या तर चोवीस तासांत तळवा सुजतो. ती सूज व्हर्नियर कॅलिपरने मोजायची आणि डाव्या तळव्याशी ताडून बघायची. अर्काने प्रतिकारशक्ती दाबली असेल तर सूज कमी. सगळा निकाल अर्ध्या-पाऊण मिलिमीटरात.

पहिल्या बॅचला, ज्यांना अर्काऐवजी नुसतं द्रावण पाजलं होतं, त्यांचेही तळवे धड सुजले नाहीत. दोन दिवस मी मेंढीच्या पेशींना दोष देत बसले. मग अ‍ॅनिमल हाउसचे मामा म्हणाले, “ताई, तुम्ही हात घातला की पिंजऱ्यातला सगळा भुसा उडतो. माझ्या हाताला असं करत नाहीत ते.”

चूक माझी होती. पंचवीस ग्रॅमचा जीव, त्याच्या तोंडातून बोथट सुई पोटापर्यंत न्यायची. माझा हात कापायचा, तो धडपडायचा. भ्यालेल्या उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं स्टेरॉइड हार्मोन वाढतं आणि ते स्वतःच प्रतिकारशक्ती दाबतं. अर्काचं काम मी आधीच करून ठेवलं होतं. चोवीस उंदीर वाया गेले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढचे दोन आठवडे मी काहीच टोचलं नाही. रोज नुसतं हाताळलं. शेपटीला धरून उचलणं बंद केलं, ओंजळीत घ्यायला लागले. आठव्या-नवव्या दिवशी एकाने माझ्या तळहातावर बसून मिशा साफ केल्या. मामांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “आता टोचा.”

दुसऱ्या बॅचला नुसत्या द्रावणावरच्या उंदरांचे तळवे व्यवस्थित सुजले. तुलनेसाठी ज्यांना सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं होतं, त्यांचे सगळ्यांत कमी. अर्काच्या मोठ्या मात्रेवरच्यांचीही सूज कमी होती, पण त्यांचं वजन उतरलं होतं, खाणं कमी झालं होतं. जो उंदीर नीट खात नाही त्याची सूज तशीही कमीच येणार. त्यामुळे किती श्रेय अर्काचं आणि किती त्या अशक्तपणाचं, हे मला वेगळं काढता आलं नाही. प्रबंधात मी सूज आणि वजन, दोन्हींचे आकडे शेजारीशेजारी दिले आणि तसंच लिहिलं.

आजीला फोनवर सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “मग पान देऊ की नको?” शेजारच्या मुलाला डॉक्टरांनी स्टेरॉइडचा पंप दिलाय आणि वर तो आजीचं पानही खातो, हे मला माहीत होतं. स्टेरॉइडही प्रतिकारशक्ती दाबतं. मी म्हटलं, “त्याला तरी देऊ नकोस.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “त्याच्या आईला तूच येऊन सांग. मी इतकी वर्षं दिलंय, माझं नाही म्हणणं तिला पटायचं नाही.”

मे महिन्यात गेले तेव्हा आधी त्यांच्याच घरी गेले.