इथाका: अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांच्या टेकडीवर जाताय तर हे आधी वाचा

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाला खालच्या गावात उतरून टेकडीवरच्या कॉर्नेल विद्यापीठात (हे काढणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे व्हाइट) चालत वर जायचा बेत असेल तर तो आत्ताच रद्द करा. मला सांगितलं होतं, कॅस्काडिला घळीतून पायवाट आहे, धबधबे बघत बघत जा, वीस मिनिटांत कँपसवर. मार्चअखेर गेले तर वाट बंद! थंडीत बर्फामुळे ती बंदच ठेवतात आणि हे एकानेही सांगितलं नव्हतं. मग बफेलो स्ट्रीटने चढले. मी आठवड्यातून तीनदा पर्वती चढते, दम वगैरे लागत नाही, पण हा रस्ता सरळ उभा आहे, पायऱ्या नाहीत काही नाही, आणि फुटपाथवर वितळून परत गोठलेला बर्फ, एका ठिकाणी तर लोकांच्या कुंपणाला धरून आडवी आडवी सरकत गेले. वर पोचेपर्यंत मोजे ओले आणि डोकं तापलेलं. दुसऱ्या दिवशी टॅक्सी केली तर दीड मैलाला २८ डॉलर, वर टिप. ही सरळ लूट आहे. सेनेका स्ट्रीटवरून सिटी बस मिळते, दीड डॉलर सुटे ठेवा, विषय संपला.

एवढा आटापिटा कशासाठी, तर व्हाइट यांच्यासाठी. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यांचं नाव एका ओळीत वाचलेलं, 'शिक्षणतज्ज्ञ, नंतर राजदूत'. ती ओळ अर्धवट आहे. येल संपवून बाविशीच्या आत-बाहेर हा मुलगा सेंट पीटर्सबर्गच्या अमेरिकन वकिलातीत होता, क्रिमियन युद्ध चालू असताना! मिशिगनला इतिहास शिकवणं त्यानंतर. मग न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये १८६४ साली एझ्रा कॉर्नेल भेटले, आधी कॉलेजांसाठी केंद्राने राज्याला दिलेल्या सरकारी जमिनीच्या पैशांवरून दोघांचं अजिबात पटेना आणि शेवटी त्याच पैशांवर दोघांनी मिळून विद्यापीठ काढलं. कुठल्याही पंथाचं नाही, प्रवेशाला धर्माची अट नाही. चर्चवाल्यांनी किती झोडपलं असेल! ७ ऑक्टोबर १८६८ ला ४१२ विद्यार्थ्यांनिशी सुरू झालं, व्हाइट पहिले अध्यक्ष, तेही ३५ वर्षांचे.

आर्ट्स क्वाड म्हणजे कँपसमधल्या मोकळ्या चौकातला त्यांचा पुतळा पाच मिनिटांत उरका, सगळे फोटो काढतात म्हणून रेंगाळू नका. वेळ ठेवा युरिस लायब्ररीतल्या ए. डी. व्हाइट लायब्ररीसाठी. लोक हिला जादूच्या सिनेमातली लायब्ररी म्हणतात, सेल्फी काढतात आणि जातात, मला खरंच वाईट वाटलं. लोखंडी नक्षीच्या तीन मजली गॅलऱ्या, त्यात भिंतभर पुस्तकं. कठड्याची लोखंडी वेलबुट्टी हाताला गार लागते, आणि खाली कोणीतरी पोर लॅपटॉपवर असाइनमेंट करत बसलेलं. १८९१ साली व्हाइट यांनी स्वतःची सुमारे ३०,००० पुस्तकं विद्यापीठाला देऊन टाकली. चेटकिणींच्या खटल्यांवरचं केवढं साहित्य गोळा केलं होतं! त्यात जर्मनीतल्या ट्रियरच्या डीट्रिश फ्लाडेच्या खटल्याचे कागद आहेत, हा माणूस स्वतः न्यायाधीश, आणि चेटूक केल्याच्या आरोपावरून १५८९ मध्ये त्यालाच मारलं. विज्ञान आणि धर्मसत्तेच्या भांडणावर व्हाइट यांनी पुढे जे लिहिलं ते कुठून आलं हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. ते जुने कागद या खोलीत नाहीत बरं का, दुर्मिळ ग्रंथ विभागात आहेत, आधी कळवून जा.

ईस्ट अ‍ॅव्हेन्यूवरचा त्यांचा बंगला बाहेरून बघितला तरी चालेल.

शेवटी सेज चॅपल, कँपसवरचं प्रार्थनामंदिर, आणि हे अजिबात चुकवू नका. व्हाइट यांची समाधी तिथेच आहे, स्मारकदालनात. संगमरवरी पेटीवर त्यांच्या आयुष्यातल्या देशांची, शहरांची चिन्हं कोरली आहेत, मी एकेक शोधत बसले. जर्मनीत दोनदा, रशियात एकदा अमेरिकेचे प्रतिनिधी. १८९९ च्या हेग शांतता परिषदेत अमेरिकेच्या शिष्टमंडळाचे प्रमुख. त्याच वर्षी ४ जुलैला हेगजवळच्या डेल्फ्टला जाऊन डच कायदेपंडित ग्रोशियसच्या समाधीवर चांदीचं पुष्पचक्र वाहिलं. युद्ध आणि शांततेच्या कायद्यावर लिहिणारा तो माणूस म्हणून. पुढे पोलाद उद्योगपती कार्नेगींच्या मागे लागून हेगच्या पीस पॅलेससाठी, म्हणजे देशांमधले तंटे लवादाने सोडवणाऱ्या न्यायालयाच्या इमारतीसाठी, पैसे मिळवले. पॅलेस १९१३ मध्ये उघडला आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध. व्हाइट गेले ४ नोव्हेंबर १९१८ ला, शहाऐंशी पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी. युद्ध थांबलं ११ तारखेला. एक आठवडा हो! मला तिथे रडू आलं, लपवत नाही.

चॅपलमध्ये कार्यक्रम असेल तर आत सोडत नाहीत, आधी चौकशी करा, आणि दालनासाठी अर्धा तास पुरेल असं समजू नका. मी दीड तास बसले, न्यूयॉर्क शहराची बस चुकली, पुढच्या बसने पोचेपर्यंत पहाटेचे दोन वाजले. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचंच काढा.