न पाहिलेल्याचे पैसे

केबलचं बिल वाढलं की माझा हात आधी रिमोटकडे जातो. राग बिलाचा असतो, पण झडती वाहिन्यांची सुरू होते. ही कोण पाहतं? ही भाषा तर मला येतही नाही. हे गृहस्थ अंगठ्या विकताहेत, आणि ऑफर संपायला गेला अर्धा तास दोनच मिनिटं उरली आहेत. पुढच्या तीन वाहिन्यांवर ओळीने तोच जुना सामना. शेकड्यांनी वाहिन्या, त्यातल्या मी पाहतो त्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग बाकीच्यांचे पैसे मी का भरायचे?

मुळात हा धंदा वाहिन्या विकण्याचा नव्हताच. विकली जात होती ती तार. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात अ‍ॅस्टोरिया नावाचं गाव आहे. तिथल्या एड पार्सन्स या रेडिओवाल्याने 1948 साली हॉटेलाच्या गच्चीवर अँटेना चढवली आणि दोनेकशे किलोमीटरवरच्या सिअ‍ॅटलचं चित्र आपल्या घरात उतरवलं. हौस बायकोची होती, असं सांगतात. बघ्यांची इतकी रीघ लागली, की त्याला तीच तार घराबाहेर, इतरांपर्यंत न्यावी लागली. पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरांतही त्याच सुमारास असे उद्योग चालू होते. कार्यक्रम हवेतून फुकट येत होता. डोंगर आडवा होता म्हणून लोक तारेचे पैसे मोजत होते.

पुढे तारेतून खास तारेसाठीचा माल येऊ लागला. 8 नोव्हेंबर 1972 ला पेन्सिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी गावात एचबीओ ही वाहिनी सुरू झाली, अवघ्या 365 घरांसाठी. पहिला कार्यक्रम कोणता? आइस हॉकीचा सामना. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्या संध्याकाळीच दिसलं होतं म्हणायचं.

कारण खेळ हा केबलच्या बिलातला मानाचा जावई. मालिका उद्या पाहिली तरी चालते. सामना आत्ताच पाहावा लागतो आणि त्याच्याबरोबर जाहिरातीही. म्हणून त्याचे लाड पुरवताना कुणाचा हात आखडत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचे देशांतर्गत प्रक्षेपणाचे हक्क 1992 साली पाच वर्षांसाठी 30 कोटी 40 लाख पौंडांना गेले होते. 2016 पासूनच्या तीनच वर्षांसाठी आकडा 500 कोटींच्या वर गेला. मैदान तेवढंच, खेळाडू अकराच. तो वाढीव पैसा वाहिनी केबलवाल्याकडून काढते आणि केबलवाला तुमच्या-माझ्याकडून. ईएसपीएन ही अमेरिकेतली खेळांची वाहिनी सुरुवातीच्या काळात दर घरामागे महिन्याला काही सेंट मागायची. पुढे ती मागणी सात डॉलरच्या वर गेल्याचे अंदाज आहेत. सामना पाहणाऱ्या घराला तेवढेच आणि रिमोटने तो ओलांडून जाणाऱ्या घरालाही तेवढेच.

नट-नट्याही काही मागे नाहीत. एका गाजलेल्या अमेरिकी विनोदी मालिकेत शेवटी शेवटी सहाही कलाकार भागामागे प्रत्येकी 10 लाख डॉलर घेत होते. पण मालिका निदान पुन्हा पुन्हा विकता येते. कालचा सामना आज कोण विकत घेणार?

सरकारांनी हात घालून पाहिला. 1992 साली अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केबलच्या दरांना वेसण घालणारा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी तो नकाराधिकार वापरून अडवला, तर काँग्रेसने तो नकारच मोडीत काढला. त्यांच्या कारकिर्दीत हे एकदाच घडलं, आणि तेही कशावरून, तर केबलच्या बिलावरून! त्याच कायद्यात एक कलम होतं. हवेतून फुकट दिसणाऱ्या स्थानिक केंद्रांना आता केबलवाल्यांकडे पैसे मागता येऊ लागले. दर उतरवायला निघालेल्या कायद्याने बिलात नव्या खर्चालाही वाट करून दिली.

‘हवी तेवढीच वाहिनी घ्या’ हा उपाय कॅनडाने 2016 साली केला, भारतात दूरसंचार नियामक ट्रायने 2019 साली. ऐकायला न्याय्य वाटतो. पण वाहिनी चालवायचा खर्च प्रेक्षक घटले म्हणून घटत नाही. चौथाईच घरांनी ती ठेवली, तर तेवढ्यांनाच चौपट भार उचलावा लागतो. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने 1963 साली सिनेमांच्या गठ्ठा-विक्रीबद्दल जे मांडलं, ते इथेही लागू पडतं. समजा, मी प्राण्यांच्या वाहिनीला 70 द्यायला तयार आहे आणि खेळाला 30. शेजारी खेळाला 80 आणि प्राण्यांना 20. सुट्या विकल्या तर विकणाऱ्याला 80 आणि 70 असे दर लावणंच परवडतं: एकेकाला एकेक वाहिनी, गल्ला 150. दोन्ही मिळून 100 ला विकल्या, की दोघेही घेणार आणि गल्ला 200. विकणारा खूश, आणि आम्हा दोघांना दोन्ही वाहिन्या.

हे वाचल्यापासून माझ्या तक्रारीतली हवा जरा गेली आहे. मला आवडणाऱ्या प्राण्यांच्या वाहिनीत तासभर एक घोरपड दगडावर पडून असते. तिला पाहणारे आम्ही किती असणार? आमच्या घोरपडीचा खर्च शेजाऱ्याच्या सामन्यानेच निघत असावा. त्याला हे अजून कळलेलं नाही, आणि मीही सांगायला जाणार नाही.

लोक या गठ्ठ्याला कंटाळून इंटरनेटवरच्या सेवांकडे वळले आणि आगीतून फुफाट्यात पडले: एकाच्या जागी चार वर्गण्या, आणि जाहिराती नको असतील तर जास्त पैसे. इकडे केबलवर भांडणं वाढली. 31 ऑगस्ट 2023 ला डिस्ने आणि चार्टर या केबल कंपनीचं दरावरून बिनसलं आणि जवळपास दीड कोटी घरांतल्या डिस्नेच्या वाहिन्या बंद झाल्या, ऐन यूएस ओपन टेनिसमध्ये. तडजोड झाली 11 सप्टेंबरला, त्या रात्रीच्या फुटबॉल सामन्याला काही तास उरले असताना. डिस्नेला दर वाढवून मिळाला, चार्टरच्या बऱ्याच ग्राहकांना डिस्नेची इंटरनेट सेवा केबलच्या पॅकेजातच मिळाली, आणि आठ छोट्या वाहिन्या चार्टरने वगळल्या. त्यात प्राण्यांची नॅट जिओ वाइल्डही होती.