पाळकीणबाई नेमकं काय करते?

"पाळक तर तुमचे मिस्टर. मग तुमचं काम काय?" मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायात, नव्याने आलेले लोक हे नेहमी विचारतात. पाळकाशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूशी, लग्न ठरलेली मुलगी विचारते तेव्हा आवाजात थोडी धास्तीही असते. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको. ते पद नाही. दीक्षा पाळकाची होते. नेमणुकीचं पत्र आणि पगारही त्यांच्याच नावाचा. तरी आमच्या नगरकडच्या मंडळ्यांत अवेळी दार वाजतं ते पुष्कळदा तिच्यासाठी. याचं मूळ जुनं आहे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला सुरू झालं, तेव्हा परक्या पुरुषाला माजघरापर्यंत प्रवेश नव्हता. तिथं गेल्या त्या मिशनरी बायका, घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबल स्त्रिया आणि देशी पाळकांच्या बायका. बाळंतीण, आजारी सासू, शाळा अर्धवट सुटलेली मुलगी यांची विचारपूस तेव्हापासून बायकांकडे आली आणि तिथंच राहिली.

दिसणारं काम म्हणजे प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची, तयारी. आमच्याकडे द्राक्षरस बिनदारूचा असतो, आणि तो तसाच असावा. मोठ्या कष्टाने दारू सोडलेला माणूस त्याच मेजाशी येतो, त्याला वास नुसता लागला तरी जड जातं. शंभर माणसांना पाव किलो काळ्या मनुका पुरतात. शुक्रवारी रात्री धुऊन सव्वा लिटर पाण्यात भिजत घाला. शनिवारी त्याच पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा, कुस्करा, मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. लिटरभर रस निघतो. भांडं स्टीलचं घ्या, पितळेचं नको. आंबट रस त्यात कळकतो. उन्हाळ्यात फ्रिजबाहेर राहिला तर रविवारपर्यंत फसफसायला लागतो. पेले अर्धेच भरा. म्हातारे हात थरथरतात, आणि पांढऱ्या चादरीवरचा डाग सगळ्या मंडळीला दिसतो. पाव एक दिवस शिळा घ्या, ताजा कापताना चुरा होतो. कडा काढल्या की एका स्लाइसचे तीसेक तुकडे होतात. ते सकाळीच कापा आणि ओलसर फडक्याखाली ठेवा. रात्री कापून ठेवलेले कडक होतात आणि म्हाताऱ्यांच्या घशात अडकतात.

महिला संगतीची म्हणजे मंडळीतल्या बायकांच्या गटाची सभा, मुलांची रविवारची शब्बाथ शाळा, मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन, हंगामाच्या सणात देवाला वाहिलेल्या भोपळ्या-कोंबड्यांच्या लिलावाचा हिशेब, नाताळच्या करंज्या हे सगळं असतंच. त्याला हात पुष्कळ मिळतात.

हात मिळत नाहीत ते मयताच्या घरी. तिथं पाळकीणबाईला काम माहीतच असावं लागतं. बाईमाणसाचं मयत असेल तर न्हाऊ घालणं, नेसवणं बायकांनीच करायचं, आणि लेकी-सुना तेव्हा भानावर नसतात. पण अंगाला हात लावण्याआधी डॉक्टरचा दाखला झाला का, ते विचारा. अपघात, भाजणं किंवा अचानक गेलेलं माणूस असेल तर पोलिसांचं होईपर्यंत पाणीसुद्धा लावायचं नाही. दाखला झाला की वेळ घालवू नका. दोनेक तासांत शरीर ताठरायला लागतं आणि सुरुवात जबड्यापासून होते. म्हणून आधी डोळे मिटवा, हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधा, पायाचे अंगठे एकत्र बांधा, अंघोळ त्यानंतर. कोमट पाणी, दोन चादरी, कापूस, रुंद बँडेज, कात्री एवढं एका पिशवीत कायम भरलेलं असावं. हात ताठरले असतील तर ओढाताण करू नका. ब्लाउज पाठीवर उभा कापा, पुढून घाला, कडा अंगाखाली दाबा. साडी घरच्यांना निवडू द्या. ती कितीही जुनी असली तरी तीच नेसवा.

शवपेटीचं माप फोनवर अंदाजाने कधी देऊ नये. उंची मोजा, खांदे मोजा, आणि चाळ असेल तर जिन्याचं वळणही मोजा. पेटी वर जात नाही हे लोक जमल्यावर कळलं, तर घरच्यांच्या दुःखात नको ती भर पडते.

पहिल्या दिवशी त्या घरी सात डबे येतात, आठव्या दिवशी एकही येत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी वहीत पंधरा दिवसांची पाळी लावायची: कोणाकडून भाकरी, कोणाकडून दूध. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हावी लागते, पुढे गेली की विलंबाचं शुल्क आणि हेलपाटे. विधवेबरोबर त्या खिडकीपाशी रांगेत उभं राहणं मी सेवेतच धरते, प्रार्थनेइतकंच.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. पाळकीणबाईच्या कानावर जे पडतं ते तिथंच राहायला हवं. मंडळी बाहेरच्या संकटापेक्षा आतल्या गोष्टी बाहेर गेल्याने जास्त तुटते, आणि त्या बहुतेक वेळा प्रार्थनेचा विषय म्हणूनच बाहेर जातात. "अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा, माहेरी गेली आहे," एवढं एक वाक्य पुरतं. संगतीत नाव घेण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. "विचारता आलं नाही" असेल तर "एका घरासाठी" म्हणा. देवाला पत्ता सांगावा लागत नाही. घरात मारहाण होत असेल तर मात्र नुसतं गुडघ्यावर बसू नका. तिला आणि लेकरांना आधी सुरक्षित जागी न्या. "सहन कर" हा सल्ला कोणत्याही वचनाच्या आधाराने देऊ नका.

लग्न ठरलेल्या मुलीला मी आणखी एक सांगते: स्वतःचं शिक्षण, स्वतःची कमाई सोडू नकोस. पाळकगृह मंडळीचं असतं. बदली झाली, निवृत्ती आली किंवा पाळक गेले, की ते रिकामं करावं लागतं. लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला आणि रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले. पुढची सतरा वर्षं त्या स्वतःच्या बळावर उभ्या होत्या. नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरचं काव्य त्यांनी पुरं केलं, आणि 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्रही तेव्हाचंच. त्यांना आपण नुसत्या कोणाच्या पत्नी म्हणून ओळखत नाही.

बदली होते तेव्हा नव्या पाळकीणबाईंच्या हातात किल्ल्यांबरोबर वही द्यावी. कोणाला जिना चढवत नाही, म्हणून प्रभुभोजन घरी न्यावं लागतं. कोणाला मधुमेह आहे. कोणाचा मुलगा परदेशी आहे आणि नाताळच्या संध्याकाळी त्या घरात एकच दिवा असतो. कोणाला ऐकू कमी येतं, म्हणून पहिल्या बाकावर उजवीकडची जागा त्यांची. कोण कोणाशी बोलत नाही, ते तेवढं लिहू नये.