परसातल्या रुळांना आज रंग लागला

आजचा अख्खा दिवस परसातल्या छोट्या रेल्वेला दिला. ४५ मिलिमीटरचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आणि पितळी रूळ. नवं पितळ इतकं चकचकतं की गाडी कितीही देखणी असो, नजर रुळावरच अडकते.

पण नागपुरात खरं काम रुळाखाली आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं सगळं हलवते. म्हणून ती खणून काढली, मुरूम ठोकून बसवला आणि वर काळ्या दगडाची चुरी टाकली. चुरी टोकदारच हवी, गोल वाळू स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, धरून ठेवत नाही. जोडांत फटीही सोडल्या. १० मीटर पितळ ३५ अंशांनी तापलं की साडेसहा मिलिमीटर वाढतं, आणि आपलं मे महिन्याचं ऊन तर माहीतच आहे!

मग रंग. रुळाच्या कडांना गंजाचा तपकिरी, खाली गडद, वर किंचित नारिंगी. माथा मात्र लगेच पुसायचा, इंजिनाला वीज तिथूनच मिळते. हे रंग मी मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये जवळून बघून ठरवले.

बाबा खुर्ची टाकून बसले होते. अडीच फुटी गेजच्या गाडीनं ते नागभीडला जायचे. म्हणाले, "स्टेशनापाशी अजून काळं कर न, तिथं इंजिन उभं राहायचं, तेल गळायचं." केलं. आता तोच तुकडा सगळ्यात खरा दिसतो.

संत्र्याच्या झाडाखालचं वळण बाकी आहे. कोणाकडे बारीक काळी चुरी उरली असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन.