सोळा दिसले म्हणजे आठ संपले?

बास्केटबॉलच्या सामन्याआधी मी वेळ आणि गुण नोंदवणाऱ्यांच्या टेबलापाशी जातो, शॉट क्लॉक (बास्केटकडे चेंडू फेकायला संघाला मिळणारे २४ सेकंद उलटे मोजणारं घड्याळ) एकदा सुरू करायला सांगतो आणि आकड्यांकडे बघत राहतो. बटण दाबल्याबरोबर २४ चे २३ होतात, की २४ पूर्ण सेकंदभर टिकतात, एवढंच मला बघायचं असतं.

ताबा मिळाल्यावर संघाला आठ सेकंदांत चेंडू बॅककोर्टमधून, म्हणजे स्वतःच्या अर्ध्या मैदानातून, पुढच्या अर्ध्यात न्यावा लागतो आणि ते आठ सेकंद पंच याच घड्याळावर बघतो. जिल्हा स्पर्धांत दोन्ही तऱ्हेची घड्याळं असतात. २४ सेकंदभर टिकत असतील, तर १६ उमटतात तेव्हा बरोबर आठ सेकंद गेलेले असतात. लगेच २३ होत असतील, तर १६ पहिल्यांदा दिसतात तेव्हा जेमतेम सात गेलेले असतात. चेंडू बॅककोर्टमधून पुढे न्यायला संघाकडे अजून जवळजवळ अख्खा सेकंद असतो. तिथे १५ दिसेपर्यंत शिट्टी वाजवायची नाही. (ताबा नव्याने मिळाला आणि घड्याळ २४ पासून सुरू झालं, तेव्हाचं हे गणित.) प्रेसमधून (पूर्ण मैदानभर अडवणाऱ्या बचावातून) सुटलेला गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, तेवढ्या वेळात सहज मधली रेषा ओलांडतो. त्याचा तो सेकंद कापायचा पंचाला काहीही अधिकार नाही.

तीन सेकंदांच्या नियमाला (चेंडू आपल्या संघाकडे असताना प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटखालच्या चौकटीत तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही) वेगळं घड्याळच नाही, मोजणी पंचाच्या मनात चालते. तिथे दशांशाचा वाद घालणं मला पटत नाही.

शेवटच्या क्षणी मात्र दशांशच सगळं ठरवतो. १५ जानेवारी १९९०, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ०.१ सेकंद उरला असताना न्यूयॉर्क निक्स संघाच्या ट्रेंट टकरने थ्रो-इन (रेषेबाहेरून आत टाकलेला चेंडू) झेलला, वळला, तीन गुणांची बास्केट केली आणि शिकागो बुल्स १०९-१०६ असे हरले. झेलून, वळून फेकायला एवढ्याशा वेळात कुणालाच जमणार नाही. घड्याळ सुरू करणारं बोट मागे राहिलं, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या मोसमापासून एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, नियम केला आणि फिबाचाही (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचाही) तोच आहे: घड्याळात किमान ०.३ असतील तरच चेंडू झेलून फेकता येतो. ०.२ किंवा ०.१ असेल तर फक्त टॅप (चेंडू न धरता हाताने ढकलणं) किंवा थेट डंक (वरून बास्केटमध्ये कोंबणं). पंचाला अंदाज बांधावा लागत नाही, थ्रो-इनआधी दिसतो तो आकडा वाचायचा. म्हणून हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

एनबीएच्या २००४ च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) स्पर्सविरुद्ध लेकर्सच्या डेरेक फिशरकडे ०.४ सेकंद होते. तो शॉट पडला, लेकर्स ७४-७३ जिंकले, स्पर्सचा निषेध फेटाळला गेला. आजही लोक ०.४ पुरेसे होते का यावर भांडतात. नियमाने ते पुरेसेच होते. विचारायचंच असेल, तर फिशरचा हात चेंडूला लागला त्याच क्षणी घड्याळ सुरू झालं का, हे विचारा.