व्हेंटिलेटर नको म्हटल्यावर

शुक्रवार, रात्री उशिरा

आत्याला काल हॉस्पिटलमधून घरी आणलं. व्हेंटिलेटर लावायचा नाही असं आम्ही ठरवलं, तर एक नातलग फोनवर म्हणाले, "तुम्ही रोज चर्चमध्ये मिस्साला जाणारी माणसं, तुम्हीच असं केलंत?" फार लागलं ते.

आमच्या कॅथलिक धर्माचं म्हणणं लोकांना माहीतच नाही. १९५७ साली डॉक्टरांनी कृत्रिम श्वासाबद्दल विचारलं, तेव्हा पोप पायस बारावे यांनी सांगितलं होतं, की नेहमीचे उपचार करायलाच हवेत, पण ज्यांचा भार झेपत नाही असे असाधारण उपाय करण्याचं बंधन नाही. १९८०च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रातही तेच आहे. मात्र वेदना संपवायच्या म्हणून माणसालाच संपवायचं, हे त्यानं स्वतः मागितलं तरी चालणार नाही.

आज मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. 'कुणावर ओझं होऊन जगायचं नाही' असं हल्ली जो तो म्हणतो. आत्याही म्हणायची. जन्मभर वसईच्या वाडीत राबलेली बाई, पडून राहणं तिला कसं रुचावं? पण हात चालेनासे झाले म्हणून माणसाची किंमत उतरते, हे मला मुळीच मान्य नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिकांनी आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना, हल्ल्यानंतर त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्यावर, १९७३पासून २०१५पर्यंत सांभाळलं. अरुणा यांना इच्छामरण द्यावं की नाही, या २०११च्या खटल्यातही परिचारिकांचा विरोधच होता. त्या परिचारिकांनी काही आमची शिकवण वाचून हे केलं नसेल. पण ती शिकवण प्रत्यक्षात कशी दिसते असं कुणी विचारलं, तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन.

संध्याकाळी फादर येऊन गेले. तिच्या कपाळाला आणि भेगाळलेल्या तळहातांना पवित्र तेल लावलं. गिळवत नाही, म्हणून कम्युनियनचा, म्हणजे मिस्सातल्या पवित्र भाकरीचा, अगदी बारीक तुकडा चमचाभर पाण्यातून दिला. दुखणं कमी करणारं औषध चालू आहे, त्यालाही चर्चची आडकाठी नाही. दर तासाला ओल्या कापसानं ओठ पुसतो, कूस बदलतो. आता हाच उपचार.

सुप्रीम कोर्टानं २०१८ साली आपली वैद्यकीय इच्छा आधीच लिहून ठेवायची मुभा दिली, २०२३मध्ये तिची पद्धतही सोपी केली. मीही लिहून ठेवणार आहे: बरं होण्याची आशा नसेल तर मशीन नको. अन्नपाणी अंगी लागतंय तोवर बंद करू नका. फादरांना वेळेवर बोलवा.